घरात माणसं किती?

१२ जून

चि. चिंगीस,

आशीर्वाद नेहमीचेच, सोबत या वेळी एक काम जोडलं आहे.

माझ्या घरात उंदीर झालेत. झालेत म्हणजे झालेत असं म्हणतात. मी एकही पाहिलेला नाही, आणि ऐकण्याचा तर प्रश्नच मिटला. भिंतीला कान असतात म्हणे. आमच्या घरात आता फक्त भिंतींनाच उरलेत. परवा शेजारचे घड्याळवाले दारात उभं राहून बराच वेळ काहीतरी सांगत होते. मी आपली मान हलवत होते, हो हो, बरोबर आहे तुमचं. शेवटी ते वैतागले आणि एका बिलाच्या पाठीमागे लिहून दिलं: तुमच्या मागच्या खोलीतून दिवसभर खुडखुड आणि धपधप येते, माझ्या चिमट्यातला स्क्रू उडतो, बंदोबस्त करा.

मागच्या खोलीत आपली शिवणवाली भाडेकरू राहते, तुला माहीतच आहे. तिला विचारलं. ती लगेच म्हणाली, "हो काकू, उंदीरच आहेत. मीपण ऐकते." तिचं बोलणं मला स्वच्छ कळतं हो. कपड्यांच्या कारखान्यात यंत्रांच्या गोंगाटात त्या बायका नुसत्या ओठांनी गप्पा मारतात, तीच सवय तिला घरीही लागली आहे. मान न हलवता जिच्याशी बोलता येतं अशी ती एकटीच. बाकी भाडेकरू म्हणूनही बरी. माझी अट पहिल्या दिवसापासून एकच होती, एकटीच असशील तर खोली. मागच्या वेळी एक म्हणून आले आणि महिन्याभरात पाच झाले, तेव्हापासून मी कानाला खडा लावला आहे. कान तेवढ्यासाठी अजून उपयोगी पडतो.

तर तू मला एक चांगला उंदीर मारणारा निवडून दे. तू फ्रिज घ्यायला दोन महिने लावलेस, तेव्हा निवडीचं काम तुझंच. इथल्या दुकानदारांना विचारायला गेले की ते सांगतात आणि मी मान हलवून परत येते. तू दिलेला मोबाइल कपाटात सुखरूप आहे. त्यात तुझा आवाज डब्यात कोंडलेल्या मधमाशीसारखा येतो, आणि त्यावर लिहायला गेलं की बोट एका अक्षरावर ठेवावं तर दुसरंच उमटतं. पत्रच बरं.

आता मुद्द्याचं. मार्चमध्ये नळ रात्रभर वाहिला आणि मला पत्ता नाही, तेव्हा तू म्हणालीस, "आत्या, आणखी एक भानगड झाली की मी तुला इकडे घेऊन येणार." तेव्हाही मी मान हलवली होती, पण ते मात्र मला नीट कळलं होतं. उंदीर ही भानगड धरायची नाही. उंदीर ऐकू येणाऱ्यांच्या घरातही होतात. या घरात मी माझ्या पायांनी फिरते, माझ्या हाताने दिवे घालवते, आणि मला इथेच राहायचं आहे, एवढं लक्षात ठेवून निवड कर.

तुझी,
आत्या


१७ जून

प्रिय आत्या,

तुझं पत्र आल्यापासून ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत हेच करतेय. डोंगर पोखरून उंदीर काढतात तसं झालंय, फक्त इथे उंदीर खरा आहे.

तिघं मिळाले. पहिला विषाच्या वड्या ठेवणारा. तो फोनवरच म्हणाला, ठेवतो आणि जातो, पुढचं तुमचं तुम्ही बघा. उंदीर कपाटामागे मरून पडला तर तुला वासावरून शोधावा लागेल. त्याला मी काट मारली.

दुसरी मोठी कंपनी आहे. त्यांचा माणूस टाय लावून ऑफिसात आला, माहितीपत्रकं दिली, घराचे चौरस फूट विचारले, खिडक्या किती, दारं किती. यांची पद्धत अशी की घर रिकामं करायचं, सगळ्या फटी चिकटपट्टीने बंद करायच्या आणि आत औषधाचा धूर सोडायचा. दुसऱ्या दिवशी घर उघडून हवा खेळवतात. उंदीर, झुरळं, वाळवी, काही म्हणून उरत नाही. वर लेखी हमी.

तिसरा पिंजरेवाला. याने फोन उचलल्या उचलल्या विचारलं, "घरात माणसं किती?" मी म्हटलं, एक. मग म्हणे लहान मूल आहे का, अंथरुणावरचं कुणी आहे का, मांजर आहे का. मी म्हटलं, अहो, उंदीर मारायचे आहेत, जनगणना करायची नाहीये! माझी आत्या एकटी असते आणि एक भाडेकरू दिवसभर बाहेर. तर हा स्वतः येणार, आधी बिळं बघणार, मग पिंजरे लावणार, आठवड्याने परत येणार. तोवर उंदरांची दोन लग्नं आणि एक बारसं उरकेल. आणि पिंजरा पडल्याचा आवाज तुला कोण सांगणार?

माझा कल कंपनीकडे आहे. पण त्याआधी मनातलं सांगते, रागावू नकोस. उंदीर आहेत याला साक्षीदार कोण, तर ती शिवणवाली. तू पाहिले नाहीस. मला ती मुलगी सुरुवातीपासून जरा जास्तच गोड वाटते. उंदराला मांजर साक्ष असा प्रकार नसला म्हणजे झालं. तुला घाबरवून, तुला घराबाहेर काढून, खोलीवर बसायचं असेल तर? ऐकू न येणाऱ्या बाईला काय, कुणीही काहीही सांगावं. कपाटाची चावी तिच्यासमोर काढत जाऊ नकोस.

तुझ्यासाठीची खोली रंगवून तयार आहे. नुसतं सांगून ठेवते.

तुझी,
चिंगी


२१ जून

चि. चिंगीस,

खोलीला रंग कोणता दिलास ते विचारणार नाही, कारण विचारलं की तू अर्धी बॅग भरलीस असं समजशील.

तुझे तिन्ही उमेदवार मी शिवणवालीला सांगितले. मला वाटलं होतं, ती टाळ्या वाजवेल. उंदरांचा त्रास तिलाच तर जास्त. पण तिला एकही पसंत पडेना. वड्या नकोत, विषारी असतात. पिंजरे नकोत, अडकलेला जीव बघवत नाही. मग धुराचं सांगितलं, तर तिचा चेहरा एकदम उतरला. म्हणाली, "काकू, माझ्या खोलीतपण?" म्हटलं, अगं, उंदीर तुझ्या खोलीत, मग धूर काय माझ्या देवळीत सोडायचा? तर हातातला कप तसाच ठेवून आत गेली. तिने कारखान्यातून आणलेलं कापड खोलीत आहे, त्याला वास लागेल ही भीती असावी. खोलीला ती जाता-येता कुलूप घालते, तेही त्या कापडापायीच.

दुसऱ्याच दिवशी तिने मला पुरावा आणून दाखवला. माझी पावाची कापडी पिशवी, कोपरा कुरतडलेला. पण काय सांगू, किती रेखीव कुरतडला आहे! एकसारखे, टोकदार, ओळीने दात. इतका शिस्तीचा उंदीर मी जन्मात पाहिला नाही. तुझ्या ऑफिसात घ्यावा असा.

पोरगी मात्र वाळली आहे. पाव आता दुप्पट आणते, दूधही जास्त घेते, आणि अंगाला लागत काही नाही. परवा माझ्याकडून एक जुनी मऊ उशी मागून नेली. माझा तिच्यावर संशय नाही, पण काहीतरी बिनसलं आहे खास. तेव्हा तू घाई करू नकोस. महिनाअखेरपर्यंत थांब. घड्याळवाल्यांचा स्क्रू उडाला तर उडू दे.

तुझी,
आत्या


२६ जून

प्रिय आत्या,

थांबायचं कशासाठी? तुझ्याच पत्रात सगळं लिहिलेलं आहे आणि तुलाच दिसत नाही. तिला एकही माणूस घरात यायला नको आहे. खोलीला कुलूप. पाव दुप्पट. मला रात्री झोप आली नाही, खरं सांगते. तू तिकडे, तुला ऐकू येत नाही, आणि भिंतीपलीकडे काय चाललंय कुणास ठाऊक.

म्हणून मी ठरवून टाकलं. कंपनीला ८ जुलैची तारीख दिली आहे. माझ्याकडे घराची दुसरी चावी होती ती त्यांच्या हवाली केली, म्हणजे तू दार उघडायला विसरलीस, बेल ऐकली नाहीस, हा प्रश्न नको. तू ७ तारखेला संध्याकाळच्या बसने इकडे ये, दोन दिवस राहा. रंग बघ.

शिवणवालीच्या कारखान्यातही मी फोन केला होता. मुकादम म्हणाला, पुढचे दोन आठवडे मोठी मागणी आहे, सकाळी सात ते रात्री आठ, कुणाला रजा नाही. म्हणजे ती आपोआपच बाहेर असेल. टायवाल्याला मी विचारलं, मागच्या खोलीला तिचं कुलूप असेल, त्याचं काय? तो म्हणाला, कुलूप उघडायची गरजच नाही. स्वयंपाकघर आणि त्या खोलीमधल्या बंद दाराखाली फट असेलच, तिथून धूर आत जातो. तिची परवानगी मागत बसायला नको हे एक बरं झालं.

तू नाही म्हणू नकोस. आई-बाबा गेल्यावर मला माहेर म्हणून तूच उरली आहेस. तुला काही झालं तर मी कुणाकडे बघू?

तुझी,
चिंगी


३० जून

चि. चिंगीस,

तुझं पत्र आज मिळालं. लगेच लिहायला बसले आहे, कारण ही ८ तारीख तू रद्द कर. उद्याच्या उद्या कर.

कारण सांगते. तुझ्या आधीच्या पत्रावरून मी तुझ्यावर रागावले होते, पण संशयाचं बी एकदा पडलं की उगवल्याशिवाय राहत नाही. काल पोरगी कामावर गेल्यावर मी स्वयंपाकघरातल्या त्या मागच्या भिंतीशी गेले आणि तळवा टेकवला. कान गेले तरी हात आहेत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असतानाही यंत्र चालू आहे की बंद, हे मी टेबलावर हात ठेवून सांगायची.

बराच वेळ काही नाही. मग एक धक्का. थोडं थांबून दुसरा. मग खूप वेळ काही नाही. मग पुन्हा एक, एक, एक, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि परत.

उंदीर असा चालत नाही, चिंगे. ते माणूस आहे.

मी भिंतीवरून हात काढला. मग पावाची पिशवी काढून पुन्हा पाहिली. ते दात नाहीतच. शिवणकामात कापडाच्या कडेला नागमोडी कापतात, ती कात्री असते ना, तिचे काप आहेत. पोरीने मला पुरावा म्हणून उंदीर शिवून दाखवला आहे.

आत कोण असेल? चोर? तिचा नवरा? कुणाला भोसकून आलेला कुणी? काल रात्री माझ्या दाराला खुर्ची लावून झोपले, म्हणजे झोपले नाहीच. सकाळी ती समोर आली, नेहमीसारखी हसली, चहा हवा का म्हणाली. मी मान हलवली. काय करू?

घड्याळवाल्यांना सांगावं तर ते तुला फोन करतील, आणि तू टॅक्सी घेऊन दारात. तू येशील, मला घेऊन जाशील आणि मी पुन्हा या घरात पाऊल टाकणार नाही, हे मला लख्ख दिसतं. म्हणून आधी मीच तिला विचारणार आहे. घरात नको. माझा आवाज किती चढतो ते मला कळत नाही, आणि भिंतीपलीकडचं माणूस ऐकेल. येत्या शनिवारी, ४ तारखेला, मी सकाळीच तिच्या कारखान्यात जाते. तिथे त्या गोंगाटात ती नुसते ओठ हलवील आणि आमच्या दोघींशिवाय कुणालाच कळणार नाही.

तोवर कुणाला घरात पाठवू नकोस. आतलं माणूस चांगलं असो, वाईट असो, दाराखालून धूर सोडायचा तर आधी मला ते कोण आहे हे कळलं पाहिजे.

तुझी,
आत्या


१ जुलै

प्रिय आत्या,

दोनच ओळी. कंपनीचा फोन आला होता. त्यांचं एक गिऱ्हाईक गळलं, म्हणून आपली तारीख अलीकडे घेतली आहे. ८ ऐवजी ४ जुलै, शनिवार, सकाळी. मी हो म्हटलं. जितक्या लवकर होईल तितकं बरं.

पत्र वेळेवर पोचणार नाही म्हणून घड्याळवाल्यांच्या दुकानात फोन करून निरोप दिला. ते आत्ताच म्हणाले, "सांगितलं मी त्यांना, तारीख दोनदा सांगितली. त्यांनी मान हलवली." तेव्हा काळजी मिटली. ३ तारखेच्या बसने ये. आली नाहीस तरी शनिवारी सकाळी घराबाहेर राहा म्हणजे झालं.

घाईत,
चिंगी


५ जुलै

चि. चिंगीस,

तुझ्या दोन ओळी काल संध्याकाळी मिळाल्या. काल सकाळच्या आधी मिळायला हव्या होत्या.

घाईत लिहितेय. अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाच.

घड्याळवाले सांगत होते ते खरं. बुधवारी ते दारात येऊन बोलले. मला वाटलं, पुन्हा स्क्रूचं गाऱ्हाणं. मी हो हो केलं आणि दार लावलं.

काल सकाळी मी कारखान्यात गेले. बायकांच्या ओळीच्या ओळी, सगळ्यांचे ओठ हलताहेत. मुकादम मला सोडेना. मी म्हटलं, मुलीच्या घरून निरोप आहे. पोरीने मला पाहिलं आणि तिथेच पांढरी पडली. मी तिच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि विचारलं, "आत कोण आहे?"

तिने पाय यंत्रावरून काढला नाही. सुई चालूच ठेवली आणि ओठांनी सांगितलं, "आई."

मग सगळं सांगितलं. आईचं डोकं आता ठिकाणावर नसतं. वेळ कळत नाही, रस्ता कळत नाही, उठून चालायला लागते. भाऊ म्हणाला, माझ्याच्याने होणार नाही. म्हणून हिने आणली. पाव तिच्यासाठी, उशी तिच्यासाठी, कुलूपही तिच्यासाठीच. ती रोज अंधार पडल्यावर तिला अंगणात फिरवायची. माझ्या कानांचा तिला आधार होता बघ. घड्याळवाल्यांनी आवाज ऐकले, तेव्हा घाबरून तोंडाला आलं ते बोलून गेली, उंदीर. आणि एकदा उंदीर म्हटल्यावर ते निभवावे लागले.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, काकू. खाली वाकून ट्रंक उचलताना. म्हटलं, आई बरोबर आहे, चालेल ना? तुम्ही मान हलवलीत. म्हणून तर रात्री तिला घेऊन आले. आणि सकाळी तुम्ही म्हणालात, बरं झालं बाई, एकटीच आहेस. तेव्हा मला कळलं की तुम्हाला ऐकूच येत नाही. मग धीर झाला नाही."

चिंगे, मी हात पुढे केला. तिने कंबरेची चावी काढून माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "मला सुटता येणार नाही. तुम्हीच उघडा. ती काही करत नाही. फक्त दार वाजवू नका, थेट उघडा. मी तिला बजावलंय, दार वाजलं की हूं की चूं करायचं नाही. बाकी सगळं विसरते, तेवढं विसरत नाही."

मी चालत घरी आले. वाटेत ठरवत होते, अट मोडली म्हणून रागवायचं की नाही. कोपऱ्यावर वळले आणि दारात गाडी दिसली.

समोरच्या दाराला पिवळी पट्टी. खिडक्यांना कागद. दारावर लाल पाटी, आत जाऊ नये. गळ्यात मुखवटे लटकवलेले दोघं जण गाडीला टेकून उभे, आणि गाडीतून निघालेली जाड नळी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत खुपसलेली. ती थरथरत होती. नळीपाशी उघड्या राहिलेल्या काचेतून मला माझा ओटासुद्धा दिसेना, सगळं पांढरं.

मी ओरडले. काय ओरडले मला माहीत नाही, माझाच आवाज मला ऐकू येत नाही. एक जण पुढे येऊन हात आडवे करून काहीतरी बोलायला लागला. त्याला वाटलं असेल, म्हातारीला समजावू. आणि मी जन्मात पहिल्यांदा मान हलवली नाही. त्याला ढकलून बोळातून अंगणात गेले. मागच्या दारालाही पट्टी, चारी बाजूंनी, नीट दाबून. मी दाराला तळवा लावला.

धक्का. धक्का. धक्का. भिंतीतल्यासारखा सावकाश नाही. एकावर एक. ती आतून काठीने दार ठोकत होती, आणि दारावर हात ठेवून उभी असलेली मी, मला तेवढंच कळत होतं. तोंडाने ती काय ओरडत होती ते देवाला ठाऊक.

पट्टी नखांनी निघेना. दातांनी तोडली. कुलपात चावी जाईना, उलटी धरली होती. फिरवली. गेली. दार उघडलं तर ती दारालाच चिकटून उभी, लहानखुरी, डोळ्यांतून पाणी, काठी वर उचललेली. खोलीच्या त्या टोकाला, दाराखालून, धूर जमिनीवरून पसरत अर्ध्यापर्यंत आला होता. मी तिला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि आम्ही दोघी अंगणात बसकण मारली.

त्या माणसांनी यंत्र बंद केलं. त्यांचेही चेहरे पाहण्यासारखे झाले होते. घड्याळवाले धावत आले, डॉक्टरांना घेऊन आले. आज सकाळपर्यंत तिला खोकला होता, आता उतरला आहे. डॉक्टरांनी लिहून दिलं: थोडक्यात वाचल्या.

तू ये म्हणशील, तर आत्ता नको. मला जरा बसू दे.

तुझी,
आत्या


९ जुलै

प्रिय आत्या,

कंपनीचा फोन आधी आला, तुझं पत्र नंतर. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या आत्यांनी आमच्या पट्ट्या दातांनी तोडल्या. आत माणूस असल्याचं तुम्ही सांगितलं नाहीत. आम्ही तीनदा दार वाजवलं, कुणी ओ दिली नाही." मी फोन हातात धरून ऑफिसच्या जिन्यात बसले. मग तुझं पत्र वाचलं आणि तिथेच रडले. लोक बघत होते, बघू देत.

तुझं ३० तारखेचं पत्र मला ४ तारखेला संध्याकाळी मिळालं. लगेच घड्याळवाल्यांना फोन केला, तर ते एवढंच म्हणाले, सगळ्या ठीक आहेत, बाकी आत्या लिहितील.

त्या पिंजरेवाल्याने पहिला प्रश्न विचारला होता आणि मी त्याची थट्टा केली. टायवाल्याने फूट मोजले, खिडक्या मोजल्या, म्हणून मला तो हुशार वाटला. दाराखालच्या फटीचं ऐकून मीच बरं झालं म्हटलं होतं. हे मला विसरता येत नाही.

पण आत्या, आता मला स्पष्ट बोलू दे. याला भानगड म्हणायची नाही तर कशाला? पाच महिने तुझ्या घरात एक माणूस राहत होतं आणि तुला पत्ता नव्हता. या वेळी ती बिचारी म्हातारी निघाली. पुढच्या वेळी कोण निघेल? आपलं ठरलेलं होतं. त्या मुलीची मला दया येते, तिच्यासाठी मी खोली शोधून देईन, शब्द देते. पण तू इकडे ये. मी रविवारी येते. सामान थोडंच घेऊ, बाकी मागाहून.

नाही म्हणू नकोस. आणि नुसती मानही हलवू नकोस.

तुझी,
चिंगी


१० ऑगस्ट

चि. चिंगीस,

त्या रविवारी तू आलीस, पाहिलंस, चहा प्यायलीस, आणि बॅग न भरताच गेलीस. जाताना म्हणालीस, महिनाभर बघू. महिना झाला, म्हणून हिशेब देते.

मी माझ्या घरात आहे. शिवणवाली तिच्या खोलीत आहे. तिची आई दोन्हीकडे आहे. मधलं दार आता उघडं असतं आणि मागच्या दाराचं कुलूप मी विहिरीत टाकणार होते, पण विहीर नाही म्हणून भंगारवाल्याला दिलं. दिवसा म्हातारी माझ्यासोबत असते. चालावंसं वाटलं की माझा पदर धरून घरभर चालते, आणि मी आपली पुढे, आगगाडीच्या इंजिनासारखी. मला ती शाळेतल्या बाई समजते. काल मला तिने पाढा म्हणून दाखवला म्हणे. मी शाबास म्हटलं. घड्याळवाल्यांनी लिहून कळवलं की सगळा चुकला होता.

ती सकाळी काय खाल्लं ते विसरते, पण कान असे तिखट की बस. नळ गळायला लागला की काठीने जमीन ठोकते. मला पायांना कळतं. दारावर कुणी आलं की ठोकते. दूध उतू जायच्या आधी ठोकते. तिचं डोकं नाही आणि माझे कान नाहीत. दोघी मिळून एक धड बाई होतो. मार्चपासून तुला हीच काळजी होती ना?

मान हलवायचं मी सोडलं आहे. कळलं नाही तर सांगते, कळलं नाही, पुन्हा बोला. लोक पहिल्यांदा दचकतात. घड्याळवाले तर आता खिशात कागद घेऊनच येतात.

आता उंदरांचं. हसू नकोस. पहिल्याच आठवड्यात म्हातारी रात्री उठून बसली आणि छताकडे बोट दाखवायला लागली. शिवणवाली ऐकत राहिली आणि मग माझ्याकडे बघून हळूच ओठ हलवले, "काकू, खरंच आहेत." पोरीने खोटे उंदीर सोडले आणि खरे आधीपासून वर बसून हसत होते! तुझ्या कंपनीचा धूर तिथवर पोचलाच नाही.

म्हणून मी तुझ्या पहिल्या पत्रातून पिंजरेवाला शोधून काढला. काल आला. ठेंगणा, चष्म्याला दोरी, सायकलला चार पिंजरे बांधलेले. दारातच थांबला. म्हातारीने ठोकलं, मी गेले, रविवारची सुट्टी म्हणून शिवणवालीही मागून आली. त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघून, सावकाश, ओठ नीट हलवत विचारलं, "घरात माणसं किती?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात म्हातारी माझा पदर सोडून पुढे झाली. गेल्या महिन्यापर्यंत दारावर कुणी आलं की हूं की चूं करायची नाही ती. तिने आधी लेकीकडे बोट केलं. मग माझ्याकडे. मग बराच वेळ थांबली, मला वाटलं विसरली. आणि मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि त्या दात नसलेल्या तोंडाने काहीतरी म्हणाली.

तिचे ओठ मला अजून वाचता येत नाहीत. पण ते मला कळलं. पिंजरेवाल्यालाही कळलं. त्याने मान हलवली, म्हणाला, "तीन," आणि पिंजरे घेऊन आत आला.

तुझी,
आत्या